नवऱ्याच्या ताटातलं औषध

पोळ्याच्या संध्याकाळी बैल दारात आले आणि ओवाळायचं ताट हातात घेऊन मी त्यांच्या पायाशीच पडले. आधी कानाच्या पाळ्या तापल्या. मग तोंडाची अशी आग झाली की कोणी माझं मुंडकं चुलीत धरलंय असं वाटलं. छाती इतकी धडधडत होती की बैलांच्या घुंगरांपेक्षा मला तिचाच आवाज मोठा येत होता. श्वास अर्ध्यावर अडकायचा. ओकारी झाली ती नव्या लुगड्यावर. कुंकू, अक्षता, दिवा, पुरणाची पोळी सगळं मातीत गेलं. धाकट्या बैलाने पोळी उचलून खाल्ली आणि मान वाकवून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी दारात शुद्धीवर असलेला मर्द तेवढा एकच होता.

नवरा कासरा धरून उभा होता. म्हणजे बैलाने त्याला उभं धरलं होतं. तो म्हणाला, "अवं उठ ना, बैल ताटकळून राहिले."

शेजारीण धावत आली आणि माझं तोंड बघून ओरडली, "अंगात आलं व माय हिच्या! पाहा कशी लाल झाली!" लगेच कोणी माझ्या कपाळाला हळद फासली, कोणी लिंबू आणायला पळालं. शेजारीण हात जोडून माझ्या तोंडाशी वाकली. "कोण हायेस माय तू? काय पाह्यजे तुले?"

"पाणी," मी म्हटलं.

नुसतं पाणी मागणारी देवी कोणती असेल, यावर बोलणं सुरू झालं. पाणी कोणी आणलं नाही.

सासू ओट्यावर उभी होती. तिला मी मामी म्हणायची. माझी अंगावर पिणारी मुलगी तिच्या कडेवर होती. एरवी मामीच्या तोंडाला विसावा नसायचा, पण त्या दिवशी ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि तिचा रंग उडाला. मला वाटलं, सुनेची काळजी. माणूस मरायला टेकला की त्याला असं काहीही वाटतं.

बैलगाडी जुंपा, असं एकजण म्हणाला आणि सगळे त्याच्या अंगावर गेले. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बरोबरच आहे, वर्षातून एक दिवस त्या बिचाऱ्यांना विसावा. ज्या बाईला मरायचं आहे तिने दुसरा दिवस बघायला पाहिजे होता. शेवटी मला बाजेवर घातलं आणि चौघांनी बाज उचलली. चौघांच्याही पोटात मोहाची दारू होती, सण होता ना. वाटेत बाज एकदा नाल्याकडे कलली. एकाच्या तोंडून सवयीने "राम नाम" निघालं तेव्हा मागचा खेकसला, "अबे, जित्ती हाय ते!"

सडकेवर एक ट्रक थांबला. त्यात घालून मला पांढुर्ण्याला एका डॉक्टरकडे नेलं. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे पांढुर्ण्याची गोटमार. नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारणार, डोकी फोडून घेणार आणि ओळीने याच्याकडे येणार. म्हणून डॉक्टर पट्ट्यांचे गठ्ठे मोजून कपाटात लावत होता. त्याने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली, तोंडाजवळ नाक आणलं आणि माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून विचारलं, "कितनी पी है?"

"जी, थोडीसी," नवरा म्हणाला.

"आपकी नहीं पूछ रहा. इनकी."

मला हसू आलं असतं, पण श्वास नव्हता. डॉक्टरने सुई टोचली, सलाईन लावलं आणि सांगितलं की बाईने दारू घेतली आहे, हे दारूचंच आहे, लाज वाटत असेल म्हणून ती सांगत नाही. सकाळी घेऊन जा, उद्या मला खाटा लागतील.

मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. नवरा दारूतून बाहेर आलेला मला आठवत नव्हता. आणि आमच्या घरात डॉक्टरने दारुडं म्हणून ठरवलेलं पहिलं माणूस मी.

नवऱ्याला त्याचा फार धक्का बसला. दाराची चौकट धरून, कारण चौकट सोडली तर पडला असता, तो म्हणाला, "आमच्या घरात बाई दारू पिते? माह्या घरात? मी खपवून घेणार नाई."

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. ज्या बायकांना माझ्यात देवी दिसली होती त्यांना आता बाटली दिसू लागली. विरजण मागायला म्हणून यायच्या आणि बोलता बोलता नाक पुढे करायच्या. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते मुलीचं. मामीने मुलगी माझ्या अंगावरून काढली आणि बकरीचं दूध सुरू केलं. म्हणाली, "तुह्या दुधात काय असन काय नाई." त्या वाक्याचा अर्थ तिलाच ठाऊक होता, मला नंतर कळला. माझी छाती दगड झाली. मुलगी पलीकडच्या खोलीत रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची. नवऱ्याने सौंसरला माझ्या भावाला निरोप धाडला: तुमची बहीण पिते, घेऊन जा, पोट्टी इथंच राहीन.

म्हणजे आता मुलगी माझी राहते की नाही, एवढंच उरलं होतं. बाकी जे काही होतं ते कोणी मागितलं असतं तर मी देऊन टाकलं असतं.

खरं काय झालं होतं ते इथेच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला अंधारात ठेवायची मला हौस नाही. ते काम आमच्या घरात मामी करायची.

नवऱ्याची दारू सोडवायचे उपाय माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होते. पोरगा पितो, तर लग्न करून द्या, सुटेल, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं. त्या उपायाचं नाव मी. मला वाजतगाजत आणलं, कोणी मला विचारलं नाही की बाई, तुझ्यात असा काय गुण आहे. माझा गुण आला नाही, तेव्हा म्हणाले, लेकरू झालं की सुटेल. लेकरू झालं. त्या आनंदात तो आठवडाभर प्याला. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्याने रडून शपथ घेतली, इतका रडला की मलाच वाईट वाटलं, आणि त्या दुःखात संध्याकाळी प्यायला गेला. गळ्यात माळ घातली. माळ काढून खुंटीला टांगायची, प्यायची, परत येऊन घालायची, असं त्याने बसवून घेतलं. देवाचा अपमान त्याने कधी केला नाही.

ही सगळी ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे दारू ही वाईट चाल होती, नाहीतर बाहेरची बाधा, नाहीतर बायको बरोबर नाही त्याचा परिणाम. हा रोग आहे असं म्हणणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

त्या श्रावणात मामी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेली. देवापुढे लेकासाठी रडली असेल, आई होती. येताना सौंसरच्या मोटर अड्ड्यावर चादर अंथरून एकजण बसला होता. मुळ्या, राख, बाटल्या आणि भोंगा. घरच्या माणसाला पत्ता लागू न देता दारू सोडवा, असं तो ओरडत होता. हिच्यावर दारू गेली की माणूस लाल होऊन ओकतो आणि पुन्हा दारूचं नाव काढत नाही, असं तो म्हणाला, आणि मामीने पुड्या घेतल्या. रोज चिमूटभर वरणात घालायची, आणि कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, असं त्याने बजावलं. मोठा हुशार. जो धंदा कोणाला न सांगता करायचा असतो, त्यात तक्रार करणार कोण?

मामीने तेव्हापासून लेकाचं ताट स्वतः वाढायला घेतलं. मला वाटलं, बाळंतीण सुनेला तेवढाच हातभार. वरणाची वाटी ती आतूनच भरून आणायची.

आता दारुड्याचं जेवण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. पिणारा माणूस जेवत नाही. तो ताटावर बसतो. भाकरीचा एक तुकडा मोडतो, चटणीला लावतो, सरकारला शिव्या देतो, उठतो. वरणाची वाटी भरलेलीच राहते. आणि आमच्याकडे रीत अशी की बाईने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. मी एकदा वेगळं ताट घेतलं तर मामी म्हणाली होती, "काऊन, विटाळ होते काय त्याचा?" मग मी रोज त्याच ताटावर बसायची आणि ती वाटी भाकरी कुस्करून पुसून खायची. अंगावर पिणारं लेकरू होतं, भूकही लागायची. पुडी त्याची, पोट माझं.

थोड्याच दिवसांत माझ्या तोंडाला तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव येऊ लागली. बसल्या जागी झोप यायची, हातपाय गळायचे. एकदा मुलीला पाजता पाजता डोळा लागला. मामीने निदान केलं, "बाळंतपणाचा अशक्तपणा हाय." तिकडे लेकाची दारू कमी होईना, म्हणून तिने पुडी वाढवली. इकडे सुनेचा अशक्तपणा कमी होईना, म्हणून वैद्याकडून बाळंतिणीचं अरिष्ट आणलं. अरिष्ट म्हणजे काढा गुळाबरोबर मुरवून, आंबवून केलेलं औषध. त्यात आंबून थोडी दारू आपोआप तयार होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वैद्याने दोन चमचे सांगितलं होतं. पोळ्याच्या दिवशी बाटली उघडली तेव्हा मामी म्हणाली, "सणाचं काम हाय, चमच्यानं काय होते? घे कपभर." इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी कप रिकामा केला आणि ओवाळायला गेले.

पुढचं सांगितलंच आहे.

हे माझ्या ध्यानात आलं ते असं. पांढुर्ण्याहून आणल्यावर मला काही दिवस वेगळी ठेवली. पिणारी म्हटल्यावर माझ्या हातचं कोणाला नको होतं, नवऱ्याच्या ताटावरही बसवेनात. एका बाजूला भाताची पेज मिळायची. तोंडाची ती चव गेली. झोप गेली. मग घरात काम करायला दुसरं कोणी नाही हे आठवलं, तेव्हा मला माफ करून परत त्याच ताटावर बसवलं. पहिल्याच घासाला तोंडात तांब्याचा पैसा. मी वाटीकडे बघत बसले. चौथीपर्यंतच शिकले आहे, पण एवढं गणित येतं.

दुसऱ्या दिवशी मी माजघराच्या दाराआड उभी राहिले. मामीने वरण वाढलं, पदराची गाठ सोडली, पुडी काढली, वाटीत रिकामी केली आणि बोटाने ढवळली. वर तूप घातलं. ते बोट तिने चाटलं नाही, धुतलं. त्या दिवसापासून वरण मी राखेत ओतत गेले आणि भाऊ यायची वाट बघत राहिले. मामीला एकटीला विचारून काय मिळालं असतं? पिणाऱ्या बाईचं कोण खरं मानतो?

भाऊ सौंसरच्या मोटारीने आला. नवऱ्याच्या बाजूने त्याचा काका, म्हणजे माझा चुलत सासरा, येऊन बसला. जेवणं झाल्याशिवाय भांडण काढायचं नाही, एवढी रीतभात आमच्यात आहे. तिघे पुरुष जेवायला बसले. मामीने लेकाचं ताट रोजच्यासारखं आतून आणलं. सुनेला हाकलायच्या दिवशीही तिने पुडी चुकवली नव्हती. नवऱ्यानेही पाहुण्यांचा मान ठेवून सकाळी थोडीच घेतली होती. तो भाकरीचा तुकडा मोडून माझ्या भावाला समजावत होता, "साळेबुवा, तुमी वाईट मानू नका. पण बाईच्या जातीले हे शोभते काय? लेकराच्या जिवाचा इचार कराव का नाई मानसानं?"

भाऊ खाली मान घालून ऐकत होता. त्याला खरंच वाटत होतं की त्याची बहीण पिते. सख्खा भाऊ.

नवरा हात धुऊन बसला. वरणाची वाटी भरलेली होती. मी ते ताट उचललं आणि मामीच्या पुढ्यात ठेवलं.

"मामी, आज तुमी जेवा याच्यात."

"मी कायले? लेकाच्या उष्ट्यात मायनं जेवायचं असते काय?"

"मग एवढं वरण फेकू? वर तूप हाय."

"टाकून दे."

त्या घरात मामीच्या तोंडून 'टाकून दे' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ती आंब्याची कोय धुऊन वाळवून ठेवणारी बाई. चुलत सासऱ्याने मान वर केली. त्याला जेवण अजून पुरलं नव्हतं.

"टाकते कायले? आन इकडं. वहिनीच्या हातचं वरण हाय, मी खातो," असं म्हणून त्याने वाटी उचलली. तोही संध्याकाळचा नेमाने पिणारा होता, हे मामीला माहीत होतं.

मामी जागेवरून अशी उठली की तिचे दुखरे गुडघे कुठे गेले कोण जाणे. तिने त्याच्या हातातून वाटी हिसकली. अर्धं वरण त्याच्या धोतरावर सांडलं. "भाऊजी, नका खाऊ! औषध हाय त्याच्यात!"

"कायचं औषध?"

मामीने लेकाकडे बोट केलं. "याचं."

"माह्यं?" नवरा म्हणाला. "मले काय झालं?"

मी विचारलं, "पोळ्याले माह्या अंगात कोणती देवी आली होती, समजलं काय आता?"

मामी खाली बसली. पदराची गाठ सोडून उरलेल्या पुड्या तिने जमिनीवर ठेवल्या. "पुडीवाला म्हणे, सांगतलं की गुण जाते. म्हणून नाई सांगतलं."

"मी मरून राहिली होती तेव्हाही नाई?"

ती माझ्याकडे बघून बोलली, एवढं तिचं मानते. "तेव्हा वाटलं, एवढं झालंच हाय, तं निदान याची तं सुटू दे."

ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण इतक्या वर्षांत त्या घरात कोणी खरं बोललं ते तेवढंच, म्हणून लक्षात राहिलं.

नवऱ्याने एक पुडी उचलून हुंगली. मग म्हणाला, "माय, तू मले मारून राहिली होती काय?"

"तुले कोन मारते? तू तं जेवतच नाई!"

मी पलीकडे गेले, पाळण्यातून मुलीला घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून पाजायला बसले. मागे तिघे-चौघे एकदम बोलत होते. त्यांचं काय ठरतंय ते ऐकायची मला गरज नव्हती. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिला आता कोणी उचलणार नव्हतं.

भाऊ म्हणाला, "ताई, चाल घरी." मी गेले नाही. नवऱ्यावर माया होती म्हणून नाही. भावाच्या घरी ताट वाढणारी त्याची बायको होती, माझी सोय तिथेही उष्ट्याचीच. मी भावाला म्हटलं, जायचं असेल तर पांढुर्ण्याला जाऊ, आणि येताना मला एक स्टीलचं ताट घेऊन दे. त्या दिवसापासून मी माझ्या ताटात, पुरुषांच्या वेळेलाच जेवत आले. विटाळाचं कोणी विचारलं नाही.

नवराही सोबत आला, आणि त्याच डॉक्टरला पुड्या दाखवल्या. त्याने चिमूट कागदावर पसरली, वास घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की ही जडीबुटी नाही, दवाखान्यात दारू सोडवायला देतात त्या गोळ्या कुटून राखेत मिसळल्यासारख्या दिसतात. ही गोळी पोटात असताना दारू गेली तर माणसाला असंच होतं. म्हणून ती सांगून देतात, छाती तपासून देतात, लपवून कधीच देत नाहीत. "रोज की जितनी पीते हो उतनी इसके ऊपर पी लेते, तो यहाँ तक नहीं आते," असं तो म्हणाला. म्हणजे नवऱ्याचं मरण मी महिनाभर वाटी-वाटीने खाल्लं होतं, भाकरीला लावून. मला दारुडी म्हटल्याबद्दल डॉक्टर काही बोलला नाही. मीही थांबले नाही.

त्याने नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बजावलं की घरी एकदम बंद करू नका, इतक्या वर्षांची दारू अशी तोडली तर जीव जाऊ शकतो. हे आम्हाला नवीन होतं. आम्ही आजवर एकदम सोड, आत्ता सोड, याच्यावरच भांडत आलो होतो.

नवरा गेला. मी त्याला समजावलं वगैरे काही नाही. आई आपल्या वाटीत काय घालते याची त्याला धास्ती बसली होती. दवाखान्यात दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात असे थरथरू लागले की पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाईना. मग तो चादरीवरच्या मुंग्या वेचू लागला. मुंग्या नव्हत्या. भिंतीला टेकून बैलांशी बोलायचा, "हो, हो, उभा राय राजा." घाम, ताप, भीती. नर्स सुया द्यायची, बांधून ठेवायची वेळ आली नाही. गावात असता तर याच्याही अंगात कोणीतरी आलं असतं आणि आम्ही पाण्यालाही महाग केलं असतं.

तिथे मनाचा डॉक्टर होता. त्याने मला बाजूला बसवून विचारलं, "घरी तुम्ही त्यांना टोचून बोलता का?"

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "मी त्यांचं औषधसुद्धा खाल्लं. आता बोलणंही माझ्यावरच घाला."

तो हसला नाही. लिहून घेतलं काहीतरी. पण माणूस बरा होता. तो म्हणाला की हा रोग आहे, पुन्हा पुन्हा उलटतो, उलटला म्हणजे सगळं फुकट गेलं असं समजू नका. मला तेव्हा वाटलं, आधीच हात झटकून ठेवतोय.

घरी आल्यावर नवरा रोज सकाळी तीच गोळी आपल्या हाताने, माझ्यासमोर घ्यायचा. आता ती लपवायची नव्हती, त्यामुळे मामीला काम उरलं नाही. आणि तो जेवू लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला वरण खाताना पाहिलं. भाकऱ्या पुरेनात. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की संत्र्याचा बगीचा इतकी वर्षं मी बघत होते, आणि मला कळलं की शुद्धीवरचा नवरा फार गप्प आणि चिडका असतो. तसा तो मला परवडत होता.

पुढच्या पोळ्यापर्यंत टिकला. पोळ्याला बैल घरोघरी न्यायचे, लोक बैलाला ओवाळून बोजारा म्हणून पैसे देतात आणि नेणाऱ्याला पिण्याचा आग्रह करतात. गोळी बंद केल्यावर किती दिवस थांबलं म्हणजे दारू चालते, ते त्याने डॉक्टरला आधीच नीट विचारून ठेवलं होतं. शाळेत असा अभ्यास केला असता तर मास्तर झाला असता.

मग पुन्हा नागपूर. मग मामीने जामसांवलीला नेलं, तिथे देवळाच्या आवारात काही दिवस राहिला, शांत होऊन आला. मग पुन्हा गुत्ता. पुन्हा नागपूर. या सगळ्याला मी नाटक म्हणत होते, आणि काही वेळा ते नाटकच होतं. पण एकदा दुपारी तो कापसाच्या खोलीत आला, मी अंबाडी निवडत होते, समोर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून म्हणाला, "बस इथंच. मले उठू देऊ नको." मी बसून राहिले. अंबाडी संपली तरी देठं निवडत राहिले. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि दात वाजत होते. दिवस मावळला तेव्हा तो उठला, बैलांना पाणी पाजलं, जेवला. त्या दिवशी प्याला नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग रोज का नाही?

रोज नाही जमलं. डोळे पिवळे झाले, हातपाय काड्या झाले आणि पोटात पाणी भरलं. तेव्हा दारू आपोआप सुटली, जात नव्हती म्हणून. मामी त्याला चमच्याने वरण भरवायची. भरवायच्या आधी स्वतः एक चमचा खाऊन दाखवायची, तो मागत नव्हता तरी.

नव्वद साल उजाडायच्या आधी नवरा गेला. मामी पुढे कितीतरी वर्षं माझ्या शेजारी बसून, आपल्या ताटात जेवली. मुलगी मोठी झाली, सौंसरला दिली आहे. त्या पोळ्यातून आम्ही तिघी जगलो.